मास्तरांच्या गाडीचं बटण

आमच्या फ्यूजला गप्प बसवायची वेळ कधी येत नाही. तो गप्पच असतो. बोलायचं खातं माझ्याकडे. गॅरेजच्या पुढच्या खोलीत टेबलामागे बसून मी फोन घेते, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकते, कुणी आवाज चढवला तर त्याच्यावरचा लावते. आणि मागे तो गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून तारा जोडत असतो. बाहेरून फक्त त्याचे बूट दिसतात. नवीन गिऱ्हाईक आलं की मी त्या बुटांकडे बोट दाखवून सांगते, "हे आमचे इलेक्ट्रिशियन."

तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो सातवीत होता. गुडघे फुटलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. अशा पोराला 'भावोजी' म्हणायला माझी जीभ वळेना, आणि नंतर ती कधी वळलीच नाही. घरातल्या प्रत्येक सॉकेटमध्ये काही ना काही खुपसून त्यानं इतक्यांदा अंधार केला होता, की सासऱ्यांनी त्याचं नावच फ्यूज ठेवलं. आता तो पन्नाशीला टेकलाय. नाव तेच आहे. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणतो, सवड झाली नाही. माझे यजमान होते तोवर ते इंजिनं बघायचे आणि हा तारा. ते गेल्यावर आम्ही फक्त तारांचं काम घेतो. इंजिनाचं आलं तर पुढच्या गल्लीतल्या मेस्त्रीकडे पाठवते आणि आपल्या कामाला लागते.

फ्यूजचं एक वेड आहे. गाडीत नवीन बटण लावायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. दुसरे लोक डॅशबोर्डला भोक पाडतात, लाल दिव्याचं बटण बसवतात आणि मोकळे होतात. हा म्हणतो, "आहेत ती बटणं आधी बघू." गाडी बनवणारा पन्नास बटणं देतो, त्यातली निम्मी मालकानं जन्मात दाबलेली नसतात, हे त्याचं आवडतं भाषण. भाषण म्हणजे तेवढंच, एक वाक्य. पाववाल्याच्या व्हॅनमध्ये मागचा दिवा पेटवायला त्याला दर वेळी खाली उतरावं लागायचं. फ्यूजनं स्टिअरिंगवरचं गाणं बदलायचं बटण त्या दिव्याला जोडून दिलं. पाववाला गाणी ऐकत नाही. त्याला अजून वाटतं की ही जादू आहे.

गेल्या थंडीत मास्तर आले. गळ्याला मफलर, कोटाच्या वरच्या खिशात दोन पेनं, पायात पॉलिश केलेले बूट. आमच्या गॅरेजमध्ये पॉलिश केलेले बूट सहसा येत नाहीत, म्हणून मी आधी तेच पाहिले.

"गाडीच्या वायरिंगचं काम कोण बघतं?" त्यांनी विचारलं.

मी सवयीनं मागच्या बुटांकडे बोट दाखवलं. पण तो आवाज ऐकताच ते बूट हलले, एका झटक्यात फ्यूज डॅशबोर्डखालून बाहेर आला, उभा राहिला आणि काळे हात पाठीमागे लपवले. गृहपाठ राहिलेल्या पोरासारखा.

"सर," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा वर करून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तू? बाकावर चाकूनं होकायंत्र कोरलं होतंस, तोच ना?"

"हो, सर."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सातवीत गणितात ज्यांनी याला नापास केलं, ते हे मास्तर. मी नवी नवरी होते, आणि हा दिवसभर माळ्यावर लपून बसला होता. खाली ये म्हणून मीच शिडी धरून उभी होते.

मास्तरांचं काम साधं होतं. त्यांच्या बायकोची मूत्रपिंडं काम करत नाहीत. एक दिवसाआड सकाळी तिला हॉस्पिटलमध्ये न्यायचं, चार तास यंत्रावर रक्त साफ करायचं, परत आणायचं. मास्तरीणबाईंना थंडी सोसत नाही. गार सीटवर बसलं की सगळं अंग थरथरायला लागतं आणि मग ते हॉस्पिटलपर्यंत थांबत नाही. म्हणून मास्तर आधी खाली जायचे, गाडी चालू करायचे, हीटर लावायचे, वर यायचे, बाईंना कोट चढवायचे, हाताला धरून परत खाली. घर पहिल्या मजल्यावर, एकोणीस पायऱ्या. मास्तरांचा एक गुडघा कधीचाच संपावर गेलेला.

"वरून बटण दाबलं की गाडी चालू होते, असं काही मिळतं म्हणे," मास्तर म्हणाले. "पण मला आणखी एक रिमोट देऊ नकोस. घरात आधीच दोन चष्मे आणि एक औषधाची पट्टी रोज हरवतात."

"नवीन काही नको, सर," फ्यूज म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. "तुमच्या चावीवर लॉकचं बटण आहे. तेच वापरू."

दोन दिवस तो त्या गाडीत होता. मी चहा द्यायला गेले की समजावून सांगायचा, बाकी कशाबद्दल तो बोलत नाही, पण तारांचं सगळं मला सांगतो. चावीवरचं लॉकचं बटण दाबलं की गाडीला इशारा जातो. तोच इशारा त्यानं काडेपेटीएवढ्या एका काळ्या डब्याला ऐकवायचा बंदोबस्त केला. डबा स्टिअरिंगखाली, नजरेआड. एकदा दाबलं तर नेहमीसारखं लॉक होणार. लागोपाठ तीनदा दाबलं तर डबा समजणार की इंजिन चालू करायचंय. चारपाच सेकंद थांबून तो स्टार्टर फिरवणार, हीटर सुरू. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही, तर इंजिन आपोआप बंद. गिअर पार्कमध्ये नसेल, बॉनेट उघडं असेल, तर डबा काही करणारच नाही. हे सगळं त्यानं पाच-पाचदा करून पाहिलं.

"तीनदाच का?" मी विचारलं.

"एकदा सगळेच दाबतात. काही लोक खात्रीला दोनदा दाबतात." त्यानं चहाचा घोट घेतला. "तीनदा कोण दाबतं, वहिनी?"

मला पटलं. मी तरी कुठे तीनदा दाबते?

गाडी द्यायला तो मास्तरांच्या घरी गेला, आणि आल्यावर महिन्याभराची वाक्यं त्यानं एका संध्याकाळी खर्च केली. मास्तर खिडकीशी उभे राहिले, चावी खाली धरली, एक-दोन-तीन मोजत दाबलं. खाली अंगणात इंजिन गुरगुरलं, मागे पांढरी वाफ आली. मास्तरीणबाई खुर्चीतून उठून खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, गाडीला कळतं की मी निघालेय!" हे सांगताना फ्यूजचा आवाज जरा ओला झाला. मी लक्ष नसल्यासारखं केलं.

अठरा दिवसांनी मास्तर परत आले. बूट तसेच चकचकीत, पण मफलर उलटा घातलेला होता. टेबलापाशी उभे राहून हळू आवाजात फ्यूजला म्हणाले, "जरा बघतोस का? गाडी आपोआप चालू होते."

गोष्ट अशी झाली होती. मास्तरांच्या घराखाली एका शिंप्याचं दुकान आहे, आणि त्याचं मशिन खिडकीला लागून, अंगणाकडे तोंड करून. तो पहिले काही दिवस बहिणीकडे गेला होता. परत आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं खालून हाक मारली, "मास्तर, गाडी चालूच ठेवून गेलात की!" मास्तर खाली येऊन पाहतात तर गाडी लॉक, आत कुणी नाही, चावी वर खुंटीला, आणि इंजिन मजेत चालू. आठवड्यात असं तीन वेळा झालं. शिंपी मशिनवर नव्हता तेव्हा आणखी किती वेळा झालं, देव जाणे. पेट्रोल मात्र भराभर संपत होतं.

फ्यूजनं गाडी आत घेतली. दुपारपर्यंत बूट हलले नाहीत. प्रत्येक तार मोजली, डबा बदलून नवा लावून पाहिला, आमच्या अंगणात पन्नास वेळा लॉक केलं. एकदाही गाडी आपोआप चालू झाली नाही.

"सर, लॉक करताना तीनदा तर दाबलं जात नाही ना?"

"मी काय वेडा आहे, तीनदा दाबायला? गाडीतून उतरलो की एकदा. वरून चालू करायची असेल तेव्हाच तीनदा." मास्तर ठाम होते. खोटं बोलणारा माणूस असा बोलत नाही.

"खिशात दाबलं जात असेल?"

"चावी मी खुंटीला अडकवतो."

फ्यूज फडक्याला हात पुसत म्हणाला, "सर, यंत्रात काही दोष नाही."

त्यानं जे पाहिलं ते सांगितलं. पण मी मास्तरांचा चेहरा पाहत होते. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं, उगाच टोपण उघडलं, परत बंद केलं.

"मग माझ्यातच असेल," ते म्हणाले. "वरून चालू करत असेन, आणि विसरत असेन." आणि मला नमस्कार करून निघून गेले.

त्या दिवशी मी फ्यूजशी भांडले. काय भांडले ते मलाही सांगता येणार नाही, कारण त्याचं काही चुकलं होतं असं मला दाखवता येत नव्हतं. पण म्हाताऱ्या माणसाला असं सांगून घरी पाठवतात का? "यंत्र बरोबर आहे" म्हटलं की माणूस बिघडलाय, एवढंच उरतं. तो जेवला नाही. मीही आग्रह केला नाही.

पुढची बातमी शिंप्यानं आणली. फाटलेल्या अस्तराचा माझा कोट मी त्याच्याकडे शिवायला टाकला होता, तो द्यायला तो स्वतः आला, म्हणजे त्याच्या पोटात काही तरी मावत नव्हतं. मास्तरांनी एक वही केली होती. त्यात ते लिहायचे: इतक्या वाजता वरून बटण दाबलं, इतक्या वाजता आलो, गाडी बंद केली, चावी काढली, लॉक केलं. वहीत वरून दाबल्याची नोंद नाही आणि गाडी चालू, असं पाच वेळा झालं. आता मास्तरांनी स्वतःच लेकीला फोन केला होता. लेक दुसऱ्या शहरात राहते. येत्या रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार, विकणार. बाईंसाठी तिनं तिकडे हॉस्पिटलजवळ जागा बघितली आहे, तिथे आजाऱ्यांना व्हॅननं नेतात-आणतात. मास्तर लेकीच्या घरी राहतील. दोन ठिकाणं, मध्ये तासाभराचं अंतर.

"मास्तर म्हणाले, आज गाडी विसरतो, उद्या हिला हॉस्पिटलात विसरून येईन," शिंपी म्हणाला. "मला रडू आलं हो. मी उगीच हाका मारल्या."

फ्यूज दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. फक्त म्हणाला, "रविवारी माझ्याबरोबर याल का, वहिनी?"

रविवारी सकाळी आम्ही गेलो. एकोणीस पायऱ्या मी मोजल्या. घर लहान आणि नेटकं. पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली, खिडकीशी मास्तरीणबाईंची खुर्ची, त्यावर दोन शाली. लेक साधारण फ्यूजच्याच वयाची, दमलेली, डोळ्यांखाली काळं. तिच्यावर रागवायचं मी ठरवून आले होते, पण ती स्वयंपाकघरात आईची औषधं एकेक करून डब्यात भरत होती आणि प्रत्येक गोळीचं नाव तिला पाठ होतं, त्यामुळे माझा राग वाया गेला. टेबलावर गाडीचे कागद, त्यावर चावी, बाजूला ती वही.

"तुम्हीच डबा बसवला ना?" लेक फ्यूजला म्हणाली. "तुमच्यावर राग नाही. पण बाबांना आता ही जोखीम नको."

"बसा, चहा टाकतो," एवढं म्हणून मास्तर शेगडीपाशी गेले. लेक "मी करते" म्हणाली, त्यांनी हातानंच नको म्हटलं. निदान चहा तरी त्यांचा राहू दे, असं मला वाटलं.

फ्यूजनं वही उघडली होती. मी त्याच्या शेजारी बसून वाचत होते, अक्षर मोत्यासारखं. 'गाडी बंद. चावी हातात. लॉक.' पानामागून पान तेच. चहा झाला. मास्तरांनी शेगडी बंद केली, आणि बटणाला बोटानं टिचकी मारली. टुक, टुक, टुक. नळ बंद केला, आणि तोटी दाबून पाहिली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. साखरेच्या डब्याचं झाकण लावलं, वरून तीन चापट्या. सगळं इतक्या सहज, की आपण श्वास घेतो तसं.

फ्यूजच्या हातातली वही खाली आली. तो मास्तरांच्या हाताकडे असा बघत होता, की मला वाटलं याला काही होतंय.

मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. खुर्चीतूनच हळू आवाजात हसल्या. "सगळ्याला तीनदा," त्या म्हणाल्या. "दाराची कडी, खिडकी, माझ्या अंगावरची शाल. बावन्न वर्षं बघतेय. त्यांना माहीतच नाही. सांगितलं तर भांडतात."

वर्गात शांतता हवी असली की मास्तर फळ्यावर खडू आपटायचे, आणि तो खडू तीनदाच वाजायचा. हे फ्यूजनं मला नंतर सांगितलं. रोज ऐकलेलं, अख्खं वर्ष. आणि हाच म्हणे, तीनदा कोण दाबतं!

माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडणारच होते. फ्यूजनं माझ्या मनगटावर हात ठेवला. "थांबा," तो पुटपुटला. "सांगितलं तर सर लक्ष ठेवतील. लक्ष ठेवलं की हात एकदाच दाबेल." मग मोठ्यानं म्हणाला, "सर, गाडी विकायचीच असेल तर डबा काढून घेतो. खाली येता का जरा? ताई, तुम्हीही या."

गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही. ते एकोणीस पायऱ्या उतरणं माझ्या आयुष्यातलं सर्वांत कठीण काम होतं. अंगणात गारठा होता, गाडीच्या काचेवर दव गोठलेलं. शिंपी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. वर खिडकीत मास्तरीणबाई, शालीत गुंडाळलेल्या. फ्यूज स्टिअरिंगखाली वाकला, जरा खुडबुड केली आणि उठून म्हणाला, "हत्यारं कमी पडतायत. संध्याकाळी येऊन काढतो. लॉक करा, सर."

मास्तरांनी दार लावलं. चावी हातात घेतली. आणि नेमक्या त्याच वेळी फ्यूजनं विचारलं, "सर, एक विचारायचं राहून गेलं. मला सातवीत नापास का केलंत?"

मास्तर एकदम ताठ झाले. इतका वेळ वाकलेला माणूस, पण त्या प्रश्नासरशी वर्गात उभा राहिला. "का म्हणजे? उत्तर बरोबर होतं तुझं! पण पडताळा केला नव्हतास. तीन गणितांत पडताळा नाही. मी सांगितलं होतं, उत्तर काढणं हे अर्धं काम, ते परत घालून बघणं हे उरलेलं अर्धं..." बोलत बोलत ते जिन्याकडे वळले होते, चावीचा हात कोटाच्या खिशाकडे चालला होता, आणि त्या हाताचा अंगठा आपलं काम करत होता. मी पाहिलं. लेकीनंही पाहिलं, तिचे ओठ हलले. एक. दोन. तीन.

गाडीचे दिवे लुकलुकले. मास्तरांची पाठ तिकडे होती आणि ते अजून पडताळ्यावरच होते. एरवी एवढ्यात ते बाईंना घेऊन जिन्यात शिरलेले असत, आज अंगणातच होते. मग मागे इंजिन गुरगुरलं.

मास्तर थांबले. वळले. रिकाम्या गाडीकडे, मग हातातल्या चावीकडे पाहिलं. शिंपी ओरडला, "तीनदा दाबलंत, मास्तर! मी बघितलं! तीनदा!"

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "बंद कर. परत बघू."

फ्यूजनं बंद केली. मास्तरांनी चावी डोळ्यांसमोर धरून लॉक केलं. एकदाच दाबलं. काही झालं नाही. त्यांनी विजयानं आमच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, गुडघ्याचं औषध घेतलंत का सकाळी?" आणि "घेतलं गं, किती वेळा..." म्हणता म्हणता अंगठ्यानं आणखी तीनदा दाबलं. इंजिन परत सुरू. आता मात्र लेक हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

मास्तर शिंप्याच्या दारातल्या बाकावर बसले. चष्मा काढला. दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

"मला वाटलं, मी चाललो," ते हातांआडून म्हणाले. "रोज रात्री पाढे म्हणून बघायचो. किती शिल्लक आहे ते."

फ्यूज त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसला. "चूक माझी, सर. यंत्र पाच-पाचदा तपासलं. ज्या हातात द्यायचं तो हात एकदाही पाहिला नाही. वर म्हणालो, यंत्रात दोष नाही. म्हणजे तुमच्यात आहे, असंच म्हणालो." एवढी वाक्यं त्यानं कुणाशी सलग बोललेली मी कधी ऐकली नव्हती. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याचा राग आला होता तोही कुठे गेला कळलं नाही.

मास्तरांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, तीनदा, आणि डोळ्यांवर चढवला. "पडताळा," ते म्हणाले.

"हो, सर."

"सातवीतच सांगितलं होतं."

लेक सरळ मान्य करणारी नव्हती. डॉक्टरांकडून बाबांची पूर्ण तपासणी होईल, डोळेही दाखवायचे, तोवर कागद तिच्याकडे राहतील, असं तिनं बजावलं. मास्तर सगळ्याला हो म्हणाले. आठ दिवसांत तपासण्या झाल्या. गुडघा सोडला तर माणूस धडधाकट. हॉस्पिटलजवळची जागा लेकीनं फोन करून नको म्हणून कळवली, आणि कागद टपालानं परत आले. सोबत चिठ्ठी होती, पण ती मास्तरांनी आम्हाला वाचून दाखवली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे कामं उशिरा होतात. कुणीही बटणाचं काम घेऊन आलं, की फ्यूज आधी त्याला स्टिअरिंगमागे बसवतो, स्वतः शेजारी बसतो आणि अर्धा तास पीकपाण्यापासून जावयापर्यंत काहीही विचारत राहतो. ज्याच्या तोंडून दिवसाला दहा शब्द निघत नव्हते, तो! गिऱ्हाइकांना वाटतं माणूस गप्पिष्ट आहे. तो फक्त त्यांचे हात बघत असतो.

मास्तरांच्या गाडीत त्यानं डब्याची मोजणी बदलली. आता इंजिन चालू व्हायला चारदा दाबावं लागतं. मास्तरांचा हात तीनावर थांबतो, चौथ्याला कधीच जात नाही, हे त्यानं त्यांच्या घरी दोन दुपारी बसून, चहा पीत, मोजून घेतलं. मास्तर म्हणाले, चौथ्यांदा दाबायचं लक्षात ठेवावं लागेल. फ्यूज म्हणाला, "तेवढंच तर हवंय, सर."

परवा बाईंना मोजे विणून नेले होते, हॉस्पिटलला जायच्या सकाळी. मी दारात असतानाच मास्तर खिडकीशी आले. कोट घातलेला, मफलर सरळ. त्यांनी खाली अंगणात पाहिलं, बटण दाबलं, एक, दोन, तीन, आणि तसेच थांबले. मग चावी मास्तरीणबाईंच्या हातात दिली. बाईंची बोटं हल्ली फार थरथरतात. त्यांनी दोन्ही हातांनी चावी धरली, वेळ लागला. फ्यूजनं डब्याला तेवढा वेळ थांबायला सांगून ठेवलंय, हे मला तेव्हा कळलं. बाईंनी चौथ्यांदा दाबलं.

खाली गाडी चालू झाली.

"चला," बाई म्हणाल्या. मास्तरांनी त्यांच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि वरून तीनदा थोपटली.